नलूताई आणि अर्धा राहिलेला गोठा

हैदराबादेत, आबिड्सच्या एका कागदाच्या दुकानात मी संक्रांतीसाठी पतंगी कागद घेत होते, तेव्हा फोन आला. दुकानदार एकेक ताव उजेडाकडे धरून दाखवत होता. हिरवा, जांभळा, लाल... फोनवर नलूताईंच्या पुतण्याची बायको होती, स्मिता. "वैशालीताई, आत्या गेल्या. चहा झाला म्हणून उठवायला गेले, तर..." मी "येते" एवढंच म्हटलं. दुकानदाराने विचारलं, "और क्या दूँ, मॅडम?" आणि मी म्हटलं, "सफेद." पांढरा कागद मला कशालाच नको होता. त्याने तो गुंडाळून दिला आणि मी तो काखेत धरून रिक्षात बसले. चादरघाटच्या पुलावर रिक्षा अडकली तेव्हा लक्षात आलं, की मला रडू येत नाहीये. मला वाटत होतं ते वेगळंच काहीतरी होतं. कुणीतरी आपली पाळी संपवून, पुढच्याला जागा सोपवून घरी जावं, तशा नलूताई गेल्या होत्या. असं का वाटत होतं ते सांगायचं, तर गेला डिसेंबर सांगावा लागेल.

नलूताईंची बालवाडी मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत. वर पुतण्याचं बिऱ्हाड, खाली शाळा. पाटीवर आता इंग्रजी नाव आहे, फुगे आणि सशाचं चित्र आहे. पण गल्लीतले जुने लोक अजून "नलूबाईचा इस्कूल" असंच म्हणतात. मी पुण्याहून लग्न होऊन इथे आले, नवऱ्याची बँकेतली नोकरी आणि माझे रिकामे दिवस. एकदा फाटकाशी उभी राहून आतली गाणी ऐकत होते, तर एक उंच, सडपातळ बाई कात्री हातात घेऊन बाहेर आल्या. "उभी काय राहिलीस? गोंद लावता येतो का?" ही माझी मुलाखत. बारा वर्षं झाली त्याला.

त्यांचं घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातलं, शेती सोडून शहरात आलेलं. मराठी बोलायच्या, पण त्यात दखनी अशी मिसळलेली, की मला सुरुवातीला दोन्हीही समजायच्या नाहीत. हो म्हणायचं तर "हौ". सावकाश म्हणायचं तर "हल्लू हल्लू". पुरे म्हणायला मात्र तेलुगू, "चालु, चालु". लग्न केलं नाही. का, ते कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. लहानपणी त्या मिशनच्या शाळेत शिकल्या होत्या, आणि तिथून एकच गोष्ट त्यांनी जन्मभर बरोबर आणली. डिसेंबर लागला की बालवाडीत नाताळची कामं सुरू व्हायची. सुरुवातीला काही पालक कुरकुरायचे, तेव्हा म्हणायच्या, "सण कुणाचा का असेना, कागद आपला आणि हात आपले."

आणि काय काय चालायचं त्या महिन्यात! कागदी थाळीला कापसाची दाढी लावून सांता. आइस्क्रीमच्या काड्यांची चांदणी. पांढऱ्या कापडावर हिरव्या रंगात बुडवलेले पंजे, एकावर एक, खाली रुंद आणि वर निमुळते... बघता बघता झाड तयार. तीन-साडेतीन वर्षांची मुलं. त्यांना कात्री धरता येत नाही, नाक पुसता येत नाही, पण गोंद लावलेल्या पुठ्ठ्यावर चमकी शिंपडताना त्यांचे चेहरे पुजाऱ्यासारखे गंभीर व्हायचे. सगळ्यात शेवटी गोठा. प्रत्येक मुलाने घरून बुटाचं रिकामं खोकं आणायचं, त्याला मातकट रंग द्यायचा, आत रेसकोर्सच्या तबेल्यांतून मागून आणलेलं वाळकं गवत पसरायचं, कापसाची मेंढरं चिकटवायची, मधोमध कापडात गुंडाळलेलं बोटभर बाळ ठेवायचं. आणि पुढे पुठ्ठ्याचं दार. दार नलूताई स्वतः कापून द्यायच्या. घोड्यांच्या खिंकाळण्याचा आवाज पलीकडून यायचा आणि मुलं म्हणायची, "मिस, गोठ्यात घोडा पण ठेवू या." त्या ठेवू द्यायच्या.

त्यांची एक सवय मला समजत नसे. दुपारी शेवटचं मूल गेलं, की त्या फाटक लावत नसत. दाराच्या पायरीवर बसून राहायच्या. ओठ हलत असायचे, मधूनच मान शेजारी वळायची. मला वाटे, काही स्तोत्र पुटपुटत असतील. मी चपला घालून निघाले की म्हणायच्या, "तू जा. मी लावते कुलूप." बारा वर्षांत मला कुलूप लावायला मिळालं असं एकदाही झालं नाही.

दोनेक वर्षांपासून त्यांना विसर पडू लागला. आधी वस्तू, मग वार, मग माणसं. मुलांची नावं मात्र पक्की असायची. गेल्या डिसेंबरात तीही हलली.

गोठ्यांचा पहिला दिवस होता. मुलं खोकी मांडीवर घेऊन बसली होती. नलूताईंनी वर पाहिलं आणि अगदी रोजच्या सुरात म्हणाल्या, "शकू, ये गं. तुझं अर्धंच राहिलंय."

आमच्याकडे शकू नावाचं कुणी नव्हतं. मी म्हणणार होते तसं, तेवढ्यात ईरा उठली. जूनमध्येच आलेली, गोल चेहऱ्याची, फार न बोलणारी मुलगी. आपलं खोकं छातीशी धरून ती नलूताईंच्या पुढ्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "हौ, बाई."

मला काय खटकलं ते लगेच कळलं नाही. दुपारी घरी जाताना कळलं. ईराची आई केतकी पुण्याची, वडील, प्रसाद, संगणकाच्या कंपनीत. घरात मराठी अर्धी, इंग्रजी अर्धी. ती मुलगी "यस मिस" म्हणायची. "हौ" तिने कुठून आणलं? नलूताईंकडून उचललं असेल म्हणू. पण "बाई"? आमच्या शाळेत नलूताईंना बाई म्हणणारं मूल मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी हळूच म्हटलं, "नलूताई, ही ईरा."

"हौ की. ईरा," त्या म्हणाल्या. आणि पुढच्याच क्षणाला, "शकू, गोंद जास्ती झाला बघ. चालु."

असं रोज सुरू झालं. इतर मुलांना यात काहीच वावगं वाटत नव्हतं, हे मला जास्त विचित्र वाटायचं. एकदा एका मुलाला मी म्हटलं, "ईराला कापूस दे." तो म्हणाला, "ईरा नाही आली आज. ही शकू आहे." ईरा समोरच बसून गवत निवडत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

आठवडाभराने केतकी मला फाटकाशी भेटली. रागावलेली होती, पण आवाज चढवला नाही. "मॅडम, मिसचं वय झालंय, मला कळतं. पण आता घरीही ईरा म्हणून हाक मारली तर ती ओ देत नाही. काल जेवताना म्हणाली, मी शकू आहे. आणि हे ऐकून माझ्या सासूबाई ताटावरून उठल्या, आत गेल्या आणि दार लावून बसल्या. रात्रभर बाहेर आल्या नाहीत. प्रसादलाही काही सांगत नाहीत." मग म्हणाली, "एक तर मिसनी वर्गात बसू नये, नाहीतर मी ईराला काढते. आणखी दोघी-तिघी आयांचं हेच म्हणणं आहे."

मी म्हटलं, "मला थोडा वेळ द्या." नलूताईंना वर्गात बसू नका, असं सांगायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. स्मिताशी बोलले. नलूताई वर खोलीत नुसत्या बसल्या तर महिनाभरही काढणार नाहीत, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केतकी ईराला सोडून गेली, आणि थोड्या वेळाने फाटकाशी एक म्हाताऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. गुडघे धरून चालत होत्या. ईराच्या आजी, सुमनकाकू. त्या कधी शाळेत आल्या नव्हत्या. मी पाणी दिलं. प्यायल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि विचारलं, "ह्या टीचर पहिले जामबागेत होत्या का?"

"हो, काकू. फार पूर्वी. तिथे भाड्याच्या खोलीत शाळा होती म्हणे."

त्यांनी डोळे मिटले. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, एका सुरात सांगत गेल्या. "आम्ही जामबागेत राहत होतो. माझी पहिली मुलगी शकुंतला. शकू. त्या शाळेत जायची. प्रसादच्या वेळी माझे दिवस भरत आले होते. एक दिवस सकाळी जाताना हट्ट धरून बसली, आज न्यायला तूच ये. मी म्हटलं, हौ, मीच येते. असेच नाताळचे दिवस होते... ती काही खोकं करत होती शाळेत. दुपारी तिला ताप चढला म्हणून निरोप आला, आणि इकडे मला कळा सुरू झाल्या. शेजारीण गेली आणायला. तिथूनच दवाखान्यात नेलं. मेंदूज्वर. प्रसाद झाला आणि ती गेली. मला कुणी सांगितलंच नाही, बाळंतिणीला सांगू नये म्हणून. सांगितलं तोवर सगळं उरकलं होतं." पदराचं टोक त्यांनी सोडलं. "नंतर ह्या टीचर घरी आल्या होत्या. मी बाहेर आले नाही. आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नाही. प्रसादला माहीतही नाही, त्याला बहीण होती म्हणून."

आतून नलूताईंचा आवाज येत होता, "हल्लू हल्लू दाब."

सुमनकाकू उठल्या. दाराशी जाऊन, पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे होते, म्हणून जे घडलं ते मी पूर्ण पाहिलं. जसं पाहिलं तसंच सांगते.

ईराचा गोठा जवळजवळ तयार होता. गवत, मेंढरं, बाळ, सगळं जागच्या जागी. नलूताई पुठ्ठ्याचं दार हातात घेऊन म्हणत होत्या, "आता एवढं चिकटवलं की झालं." आणि ईरा खोक्यावर दोन्ही हात आडवे धरून म्हणत होती, "नक्को बाई. दार नक्को लावू. आई यायचीय."

कुणाच्या बोटावरचा गोंद सुटल्याचा बारीक आवाजसुद्धा ऐकू आला. सुमनकाकूंनी दाराची चौकट घट्ट धरली. मग त्या पुढे गेल्या, गुडघे दुखत असताना खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी आले गं, शकू."

ईराने त्यांच्याकडे पाहिलं. आजीकडे नात पाहते तसं नव्हे ते. खूप वेळ वाट पाहिलेलं मूल पाहतं, आधी रागाने, मग रडवेलं होऊन, तसं. मग ती उठली. खोकं तिथेच ठेवलं, खुंटीवरचं दप्तर काढलं, आणि सुमनकाकूंचं बोट धरून म्हणाली, "चल ना मग."

नलूताई हसल्या. त्यांनी हात हलवला. "जा बाळा. टाटा."

त्या दोघी वर्ग ओलांडून, पायरी उतरून, फाटकापर्यंत गेल्या. मी मागोमाग गेले, कारण मला भीती वाटत होती. कशाची, ते नीट सांगता येणार नाही. फाटकाबाहेर पाऊल टाकताच ईरा थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आजी? तू रडतेस कशाला? मॉमा कुठाय?"

सुमनकाकूंनी तिला जवळ घेतलं. एवढंच म्हणाल्या, "काही नाही, ईरा."

त्या दुपारी सगळी मुलं गेल्यावर नलूताई पायरीवर आल्या नाहीत. वर्गातच सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. मी मन घट्ट करून विचारलं, "नलूताई, शकू आठवते तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं?" त्या माझ्याकडे अगदी स्वच्छ नजरेने पाहत म्हणाल्या. "आज गेली की आईबरोबर. बरं झालं. शाळा इथे आणली तरी रोज दप्तर घेऊन बसलेली असायची पायरीवर. मी म्हणायचे, शकू, अंधार होईल, चल माझ्यासंगं वर. म्हणायची, नक्को बाई, आई यायचीय. पोरीला एकटं टाकून कुलूप कसं लावायचं?" मग घडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू लाव आज कुलूप."

मी लावलं. किल्ली फिरवताना पायरीकडे बघायचं धैर्य मला झालं नाही.

केतकीच्या घरी त्या रात्री बरंच काही झालं असणार. दुसऱ्या दिवशी ईरा आली नाही. संध्याकाळी प्रसाद एकटाच आला, चाळिशीचा उंच माणूस, लहान मुलांच्या बैठ्या स्टुलावर अवघडून बसला. नलूताई तोवर झोपल्या होत्या. "मिसना माझी बहीण कशी होती ते आठवतं का, एवढंच विचारायला आलो होतो," तो म्हणाला. मी त्याला सकाळी यायला सांगितलं. तो आला, आणि नलूताई त्याच्याशी तासभर बोलल्या. शकू उजव्या पायावर लंगडी घालायची, तिला कापूस गालावर फिरवायला आवडायचं, ती डबा उघडून आधी शेजारणीला द्यायची. प्रसाद ऐकत होता, ऐकताना स्वतःचेच हात उलटसुलट करून पाहत होता. जाताना त्याने नलूताईंच्या पायांना हात लावला. केतकीने नंतर वर्गात बसण्याबद्दल काही म्हटलं नाही. मला फोनवर एवढंच म्हणाली, "मला यातलं काही पटत नाही, मॅडम. पण सासूबाई काल पहिल्यांदा आमच्याबरोबर बसून पोटभर जेवल्या."

मीही माझी समजूत घालते. ईराचा चेहरा तिच्या आत्यासारखा, शकूसारखा असणार. नलूताईंच्या डोक्यात काळ घसरला, त्या शकूशी जे बोलायच्या ते मुलीने पोपटासारखं उचललं. तीन वर्षांची मुलं ऐकलेलं सगळं उचलतात. असं सगळं जागच्या जागी बसवता येतं. फक्त "दार नक्को लावू" हे वाक्य कुठे बसवावं, ते मला कळत नाही. ते नलूताई कधी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

नाताळनंतर त्या झपाट्याने उतरत गेल्या. दुखणं असं काही नव्हतं. डॉक्टर येऊन गेले, वय म्हणाले. मी शेवटची भेटले तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. म्हणाल्या, "सगळी पोरं गेली का घरी?" मी म्हटलं, "गेली." "सगळी?" "हो, सगळी." त्यांनी मान डोलावली आणि पाय उचलून पलंगावर घेतले, दिवसाचं काम संपल्यावर घेतात तसे.

आता शाळा मी आणि स्मिता बघतो. ईरा येते. "शकू" म्हटलं तर इकडेतिकडे बघते, कोण शकू म्हणून. सुमनकाकू तिला सोडायला आल्या की थोडा वेळ थांबतात, मुलांना मणी ओवायला मदत करतात. सगळं बरं चाललंय.

एक सांगायचं राहिलं. कामाच्या वेळी नलूताई कपाटापाशी सतरंजीवर बसायच्या, मांडीवर ओला पंचा घेऊन. मुलांचे हात गोंदाने बरबटले की ती रांगेने त्यांच्यापुढे येऊन तळवे पसरायची आणि त्या एकेक बोट पुसून द्यायच्या. त्या गेल्यापासून मी पंचा बेसिनपाशी ठेवलाय, मुलांनी तिथेच यावं म्हणून. येतात. पण पळताना कपाटापाशी आली की ती वळसा घालतात. कुणी बसलं असेल तर घालावा तेवढाच. सवय असेल, मी स्वतःला सांगते.

परवा एक नवीन मुलगा आला, तेलुगू घरातला, तीन वर्षांचा. त्याने नलूताईंना कधी पाहिलेलं नाही. दुपारी कागदी फुलं चिकटवून झाली आणि तो सरळ कपाटापाशी गेला. रिकाम्या सतरंजीपुढे उभा राहून त्याने दोन्ही तळवे पुढे केले आणि वाट बघत राहिला. त्याच्या मागे दुसरी मुलगी उभी राहिली, तिच्या मागे ईरा. मी पंचा भिजवून आणला. त्या जागी मी आजवर बसले नव्हते. त्या दिवशी बसले. खिडकीतलं ऊन तिथवर येत नाही, फेब्रुवारीतही ती फरशी गार असते. पण सतरंजी तेवढ्या जागेपुरती उबदार होती, कुणीतरी आत्ताच उठून जागा द्यावी तशी. मी त्या मुलाचा हात हातात घेतला आणि अंगठ्यापासून एकेक बोट पुसायला लागले, हल्लू हल्लू.